सोशल सिक्युरिटी नंबर नसताना अमेरिकेत घराचं कर्ज कसं काढायचं

अमेरिकेत कर्जाचा कोणताही अर्ज उघडा, नावापाठोपाठ सोशल सिक्युरिटी नंबरचे नऊ चौकोन येतात आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. प्रत्यक्षात गृहकर्जासाठी हा नंबर, म्हणजे एसएसएन, हवाच, असा केंद्रीय कायदा नाही. ग्राहकाची ओळख पटवण्याचे जे नियम बँकांना लागू आहेत, त्यांत परदेशी नागरिकाचा करदाता क्रमांक किंवा पासपोर्टचा क्रमांक आणि तो देणारा देश एवढ्यावर भागतं. एसएसएन मागतात तो सोयीसाठी. तुमची नोकरी, कर आणि क्रेडिट यांना एकत्र बांधणारा तो दोरा आहे. दोरा नसेल तर तीच गाठ कागदांनी मारावी लागते. ते जमतं, पण वेळ जातो आणि पैसेही जास्त मोजावे लागतात. म्हणून आपल्याला या वाटेनं जायची गरज आहे का, हे सगळ्यात आधी पाहा.

नंबर खरंच नाही का?

एसएसएन एकदा मिळाला की तो आयुष्यभराचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसमध्ये नोकरी केली होती, ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) वर्षभर काम केलं होतं किंवा आधी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा होता आणि आता त्याच्या जोडीदाराचा एच-४ आहे, अशांचा जुना नंबर तसाच चालू असतो. कार्डावर ‘फक्त परवानगी असतानाच कामासाठी वैध’ असा शिक्का असला तरी कर्जाच्या अर्जात तो नंबर लिहिता येतो. कार्ड हरवलं असेल तर एसएस-५ फॉर्म भरून दुसरं मिळतं, मात्र तेव्हा चालू स्टेटसचा पुरावा मागतात. जुन्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीनं दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या कागदावर, नंबर शोधणं हा त्याहून सोपा उपाय.

अशीच चूक एल-२ वाले, म्हणजे कंपनीनं बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्या एल-१ धारकांचे जोडीदार, करतात. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ धारकाच्या जोडीदाराला स्टेटसबरोबरच काम करण्याची मुभा आहे, वेगळं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं, कार्ड लागत नाही. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर ‘एल-२एस’ असं छापलेलं असेल तर तो कागद घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जायचं आणि नंबर मागायचा. आय-९४ वर नुसतं ‘एल-२’ असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

एच-४ चं तसं नाही. मुख्य व्हिसाधारकाचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेली याचिका, मंजूर असेल, किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ ईएडीसाठी आय-७६५ भरता येतो आणि त्याच फॉर्मवर एसएसएनची मागणीही टाकता येते. यातलं काहीच नसेल तर एसएसएन मिळणार नाही. तुमच्यासाठी आयटीआयएन हा करदाता क्रमांक.

घरात एकाकडे एसएसएन असेल तर

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं याच गटात मोडतात: नवरा एच-१बी, बायको एच-४, किंवा उलट. अशा घरानं आयटीआयएन कर्जाच्या मागे लागू नये. कर्ज एकाच्या नावावर काढा आणि घराच्या मालकीपत्रावर दोघांची नावं घाला. कर्जदार कोण आणि मालक कोण हे अमेरिकेत दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि डीडवर (मालकीपत्रावर) नाव यायला एसएसएन लागत नाही. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या, टेबलावर ओळख म्हणून पासपोर्ट चालतो. ज्या जोडीदाराला उत्पन्नही नाही आणि क्रेडिटही नाही, त्याला अर्जात सहकर्जदार केल्यानं कर्जाची रक्कम एका डॉलरनेही वाढत नाही. व्याजदर बिघडण्याची शक्यता तेवढी वाढते.

एच-१बी धारकाला साधं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज मिळतं. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगर-नागरिकांची कर्जं नागरिकांच्याच अटींवर विकत घेतात. आय-७९७ या मंजुरीपत्राची मुदत संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज भरल्याची पावती तयार ठेवा. एच-४ ईएडीवरचं उत्पन्न मोजून घ्यायचं असेल तर जास्त सावध राहा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या बहुतेक अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे तीन महिन्यांत संपणारं कार्ड दाखवलंत तर अंडररायटर (कर्जाची फाइल तपासणारा) ते उत्पन्न बाजूला काढू शकतो.

मालकीपत्रावर दोघांची नावं कोणत्या शब्दांत येतात, तेही वाचा. ‘जॉइंट टेनन्सी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप’ असेल (काही राज्यांत नवरा-बायकोसाठी ‘टेनन्सी बाय द एन्टायरटी’) तर एकाच्या मृत्यूनंतर घर थेट दुसऱ्याचं होतं. ‘टेनन्सी इन कॉमन’ असेल तर मृताचा हिस्सा प्रोबेट (वारसाहक्काच्या) कोर्टातून फिरून येतो. क्लोजिंगच्या गर्दीत हा एक शब्द कोणी समजावून सांगत नाही. कर्जाचं काय होतं? १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यानुसार कर्जदार वारल्यावर घर जोडीदाराकडे गेलं, तर केवळ तेवढ्या कारणानं लेंडरला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, सगळं कर्ज एकदम मागता येत नाही. हप्ते भरत राहिलं की घर राहतं.

पुढचं सगळं दोघांपैकी कोणाकडेच एसएसएन नाही त्यांच्यासाठी, किंवा ज्याचं उत्पन्न मोजायचं आहे नेमका त्याच्याकडेच नाही त्यांच्यासाठी.

आयटीआयएन मिळवताना

आयटीआयएन म्हणजे आयआरएस या केंद्रीय कर खात्याचा नऊ अंकी करदाता क्रमांक. तो ९ ने सुरू होतो. तो कामाची परवानगी देत नाही आणि इमिग्रेशन स्टेटसही देत नाही. डब्ल्यू-७ फॉर्म भरून तो मागायचा आणि सहसा फॉर्मसोबत त्या वर्षाचं कर विवरणपत्र, म्हणजे १०४०, जोडावं लागतं. नुसता डब्ल्यू-७ पाठवला तर परत येतो.

ओळखीसाठी पासपोर्ट हा एकच कागद एकटा पुरतो. पण मूळ पासपोर्ट, किंवा तो देणाऱ्या कार्यालयानं प्रमाणित केलेली प्रत लागते. नोटरीची प्रत आयआरएस घेत नाही, आणि सर्वाधिक अर्ज इथेच फसतात. मूळ पासपोर्ट ऑस्टिनला टपालानं पाठवला तर तो कित्येक आठवडे अडकतो आणि तेवढ्यात भारतात जायची वेळ आली तर पंचाईत. त्यापेक्षा आयआरएसच्या यादीतला सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट गाठा. तो पासपोर्ट समोर पाहून प्रमाणित करतो आणि लगेच परत देतो. आयआरएसच्या काही टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरांत हेच काम फुकट होतं, फक्त आधी वेळ घ्यावी लागते.

फॉर्मवर कारणाचा चौकोन निवडताना घोटाळा होतो. एच-४ जोडीदार ‘व्हिसाधारक नॉन-रेसिडेंटचा जोडीदार’ हा ‘जी’ (g) चौकोन टिक करतात, कारण त्यात व्हिसा हा शब्द दिसतो. पण एच-१बी वरचा माणूस वर्षात पुरेसे दिवस इथे राहिला असेल तर कराच्या भाषेत तो रेसिडेंट ठरतो, मग त्याचा व्हिसा कोणताही असो. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या अशा जोडप्यासाठी ‘ई’ (e) हा चौकोन असतो.

नंबर यायला साधारण सात आठवडे लागतात. १५ जानेवारी ते ३० एप्रिल या कराच्या हंगामात किंवा परदेशातून अर्ज केला तर नऊ ते अकरा. येणाऱ्या सीपी५६५ या पत्राची प्रत सांभाळून ठेवा, लेंडर ती मागतो. सलग तीन वर्षं विवरणपत्रात न वापरलेला आयटीआयएन बाद होतो. जुना नंबर असेल तर कर्जाच्या अर्जाआधी तो जिवंत आहे का ते पाहा.

डब्ल्यू-७ मध्ये गृहकर्जाच्या व्याजासाठी एक अपवादही आहे, ज्यात विवरणपत्राशिवाय नंबर मिळतो. त्याला घर आणि कर्ज झाल्याचा पुरावा लागतो, आणि लेंडर तर आधी नंबर मागतो. म्हणून हा अपवाद कामाचा ठरतो तो भारतात राहून अमेरिकेत घर घेणाऱ्या परदेशी खरेदीदाराला.

स्टेटस संपलेल्यांनी मात्र नवा डब्ल्यू-७ भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. २०२५ मध्ये आयआरएस आणि इमिग्रेशन खात्यात पत्त्यांच्या माहितीबद्दल करार झाला आणि तो वाद न्यायालयात गेला.

क्रेडिट उभं करायचं, बारा महिने धरून

क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे उधारी-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, तुमची फाइल नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळवून बनते. एसएसएन असेल तर जुळणी पक्की होते इतकंच. आयटीआयएनवर मिळणारं सिक्युअर्ड कार्ड (३०० ते ५०० डॉलर अनामत ठेवून) हा नेहमीचा आरंभ. फायको हा क्रेडिट स्कोअर निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं आणि गेल्या सहा महिन्यांत ब्युरोला कळवलेलं असावं लागतं. जोडीदाराच्या जुन्या, वेळेवर भरलेल्या कार्डावर ऑथराइज्ड युजर झालात तर फाइल लवकर भरते, पण ती उधारीची पुण्याई आहे. अनेक अंडररायटर अशी खाती मोजत नाहीत. काही कार्ड कंपन्या भारतातला क्रेडिट इतिहास पाहून कार्ड देतात, अमेरिकन एक्सप्रेस त्यांपैकी एक. गृहकर्जासाठी सिबिलच्या स्कोअरवर मात्र भिस्त ठेवू नका.

स्कोअर नसला तरी आयटीआयएन कर्ज देणारे बरेच लेंडर ‘नॉन-ट्रॅडिशनल’ क्रेडिट मानतात: भाडं, वीज-गॅस, फोन, गाडीचा विमा, अशी तीन-चार खाती, प्रत्येकाचे बारा महिने, एकही उशीर नाही. भाड्याला यात सगळ्यात जास्त वजन, आणि नवख्यांचं गाडं नेमकं तिथेच अडतं. चौघांनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटच्या लीजवर एकाचंच नाव असतं, बाकीचे त्याला दरमहा झेल या पैसे पाठवण्याच्या सोयीनं पैसे देतात. बारा महिने नियमित भाडं भरूनही तुमच्या नावावर पुरावा शून्य. लीजवर आपलं नाव घालून घ्या, भाडं स्वतःच्या खात्यातून थेट मालकाला जाऊ द्या, रोख देऊ नका.

तिन्ही ब्युरोंचे अहवाल अर्जाच्या तीन महिने आधी मागवा. ऑनलाइन साइट एसएसएनशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर पासपोर्टची प्रत आणि पत्त्याचा पुरावा जोडून टपालानं मागवता येतात.

नावाची भानगड

मराठी नावांनी अमेरिकेत जितकी कर्जं लांबवली असतील तितकी बहुधा व्याजदरांनीही नाहीत. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. मग एक बँक सबंध जोडी पहिलं नाव धरते, दुसरी वडिलांचं नाव मिडल नेम करते, तिसरी ते गाळूनच टाकते. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पदवी एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या. पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, येतं. ब्युरोच्या नजरेत ही तीन वेगळी माणसं.

यावर आधी करायचं काम एकच. आजच्या पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव बँक, लीज, कर विवरणपत्र, ड्रायव्हर लायसन्स आणि वीजबिल या पाचही ठिकाणी करून घ्या. उरलेल्या फरकांसाठी क्लोजिंगच्या वेळी ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं शपथपत्र सही करायला देतात. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच हाताशी असू द्या.

कोणाकडे जायचं, कोणाकडे जाऊन उपयोग नाही

एफएचए, म्हणजे सरकारी विम्याच्या, कर्जाचं नाव सगळीकडे ऐकू येईल, कारण डाउन पेमेंट फक्त ३.५ टक्के. ती वाट बंद आहे. २५ मे २०२५ पासून नवीन एफएचए प्रकरणांत ग्रीन कार्ड नसलेले रहिवासी बसत नाहीत, एसएसएन असलेला एच-१बी धारकसुद्धा. त्याआधीचे लेख इंटरनेटवर अजून फिरत असतात, त्यांच्यावर जाऊ नका. व्हीए कर्ज सैनिकांसाठी.

उरतात तीन दारं. पहिलं कन्व्हेन्शनल. कायदेशीर वास्तव्य दाखवता येत असेल तर फॅनी मेच्या नियमांत आयटीआयएनही बसतो, पण अनेक बँका स्वतःचा जादा नियम लावून एसएसएनच मागतात. एका बँकेनं नाही म्हटलं म्हणून विषय संपत नाही. दुसरं, क्रेडिट युनियन आणि छोट्या सामुदायिक बँका. कर्ज विकून न टाकता स्वतःच्या वहीत ठेवत असल्यानं नियम त्यांचे ते ठरवतात. नॉर्थ कॅरोलायनातली लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन आणि सेल्फ-हेल्प फेडरल क्रेडिट युनियन ही यातली माहितीची नावं. त्यांच्या दारात मराठी माणूस क्वचित दिसतो, पण तिथलं व्याज बहुतेकदा ब्रोकरच्या कर्जापेक्षा माफक असतं. तिसरं दार नॉन-क्यूएम, म्हणजे ठरीव केंद्रीय निकषांबाहेरची कर्जं देणाऱ्या, लेंडरांचं, जिथे ब्रोकरमार्फत जावं लागतं. डाउन पेमेंट साधारण १५ ते २५ टक्के, व्याज बाजारभावाहून एक ते तीन टक्क्यांनी चढं.

पहिल्याच फोनवर विचारायचे प्रश्न: दोन्ही कर्जदार आयटीआयएनवर चालतील का? किती वर्षांची विवरणपत्रं हवीत, आणि ती आयटीआयएनवरच भरलेली हवीत का? दर तीस वर्षं स्थिर की पाच वर्षांनी बदलणारा? बदलणारा असेल तर एका वेळी किती आणि एकूण किती वाढू शकतो? मुदतीअखेर मोठी रक्कम एकदम भरायची बलून अट आहे का? भेटीदाखल आलेले पैसे डाउन पेमेंटला चालतात का? क्लोजिंगनंतर खात्यात किती महिन्यांचे हप्ते शिल्लक दाखवावे लागतील? उत्तरं ईमेलनं मागा. त्या माणसाचा परवाना एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस या अधिकृत यादीत नावावरून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

मुदतीपूर्व परतफेडीचा दंड हाही प्रश्न विचाराच. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या नॉन-क्यूएम कर्जावर असा दंड लावायला केंद्रीय नियमांनी मनाई आहे. तरीही कोणी ‘तीन वर्षं दंड’ म्हणालं तर तो बहुधा गुंतवणुकीच्या घराचं कर्ज तुमच्या गळ्यात मारतो आहे. तिथे दंड चालतो आणि उत्पन्नाऐवजी घरभाड्यावर कर्ज मोजतात. राहायचं घर गुंतवणूक म्हणून लिहायला सांगणारा ब्रोकर तुमच्याकडून खोटं निवेदन करून घेतो, हे ध्यानात घ्या.

हिशेब, एका घराचा

घर ४ लाख डॉलरचं, डाउन पेमेंट २० टक्के म्हणजे ८०,०००, कर्ज ३,२०,०००, मुदत तीस वर्षं. साडेसहा टक्क्यांनी हप्ता सुमारे २,०२३ डॉलर. आठ टक्क्यांनी २,३४८. म्हणजे एसएसएन नसण्याची किंमत दरमहा सव्वातीनशे डॉलर. त्यावर मालमत्ता कर, टेक्सास किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी दोन टक्के धरला तर महिना ६६७. घराचा विमा १५० धरा. एकूण ३,१६५. गाडीचा ४०० चा हप्ता मिळवून ३,५६५. सगळी देणी करपूर्व उत्पन्नाच्या ४३ टक्क्यांत बसावीत असं लेंडरचं म्हणणं असेल, तर महिन्याला सुमारे ८,३०० डॉलर, वर्षाला लाखभर उत्पन्न दाखवावं लागेल.

रोख किती लागेल? डाउन पेमेंट ८०,०००, क्लोजिंगचा खर्च तीन टक्के धरून १२,०००, आणि सहा महिन्यांची शिल्लक सुमारे १९,०००. बेरीज १,११,०००. ऐंशी हजार जमले म्हणून घरं बघायला सुरुवात करणारे या बेरजेवर अडखळतात.

वर्ष-दोन वर्षांत एसएसएन मिळण्याची आशा असेल तर दोन हिशेब शेजारी मांडा: आत्ता महाग कर्ज घेऊन पुढे रिफायनान्स (नव्या कर्जानं जुनं फेडणं), किंवा थांबणं. रिफायनान्सला ८,००० डॉलर लागले तर दरमहा ३२५ वाचून ते फिटायला पंचवीस महिने लागतात. आणि तोवर दर उतरलेले असतील याची हमी कोणी देत नाही. आमचं मत विचाराल तर आय-१४० मंजुरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी थांबावं.

भारतातून येणारे पैसे

आईवडिलांनी मदत करायची ठरवली तर भारतातला निवासी माणूस लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतो. वर्षात १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. तो कर वाया जात नाही, आईवडिलांच्या विवरणपत्रात जमा धरला जातो, पण परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. ४० लाख पाठवायचे तर ६ लाख जास्तीचे तयार हवेत. मार्च आणि एप्रिल असे दोन हप्ते केले तर दोन आर्थिक वर्षांच्या मर्यादा मिळतात.

तुमच्या स्वतःच्या एनआरई (परदेशातली कमाई ठेवण्याच्या) खात्यातून पैसे सहज निघतात. एनआरओ (भारतातलं उत्पन्न ठेवण्याच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा, वर सीएचं प्रमाणपत्र. पुण्यातला फ्लॅट किंवा गावची जमीन विकून पैसे आणणार असाल तर खरेदीखत, सातबारा आणि ज्या खात्यात रक्कम आली त्याचा उतारा, या सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लेंडरला लागेल. सातबारा म्हणजे काय हे अंडररायटरला कळणार नाही, म्हणून वर एका पानाची समजूत जोडा: जमीन कोणाची, कधी विकली, किती आले, कुठून कुठे गेले.

पैसा अमेरिकन खात्यात येऊन किमान ६० दिवस झालेले असले की प्रश्न कमी येतात. उशिरा आला तर भेटपत्र, देणाऱ्याचा बँक उतारा आणि वायरची पावती, तिन्ही द्या. भेटपत्रात ‘परतफेडीची अपेक्षा नाही’ हे वाक्य लागतंच. परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर अमेरिकेतल्या कर-रहिवाशानं ३५२० फॉर्म भरून कळवायचं असतं. त्यावर कर नाही, पण न कळवल्यास दंड मोठा.

आणखी एक खाचखळगा. तुम्ही एनआरई खात्याचा उतारा लेंडरला देता आणि सोबतच्या १०४० च्या शेड्यूल बी मध्ये ‘परदेशी खातं नाही’ असं टिक केलेलं असतं. अंडररायटर दोन्ही वाचतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा अहवाल भरलेला हवा. जुनी चूक असेल तर ती अर्जाच्या आधी सीपीएकडून (अमेरिकी सीएकडून) दुरुस्त करून घ्या.

करारापासून क्लोजिंगपर्यंत

घर बघण्याआधी प्री-ॲप्रूव्हल, म्हणजे कर्जाची पूर्वमंजुरी, घ्या, आणि त्या पत्रासाठी कागद खरोखर तपासले गेलेत याची खात्री करा. लागणारे कागद: पासपोर्ट, व्हिसा, आय-९४, आय-७९७, सीपी५६५, दोन वर्षांची विवरणपत्रं, डब्ल्यू-२ किंवा १०९९, शेवटच्या तीस दिवसांच्या पगारपावत्या, दोन महिन्यांचे बँक उतारे कोऱ्या पानांसह सगळे, बारा महिन्यांच्या भाड्याचा पुरावा आणि ४५०६-सी फॉर्म, ज्यावरून लेंडर तुमची विवरणपत्रं थेट आयआरएसकडून पडताळतो. तुम्ही दिलेली प्रत आणि तिथली नोंद यांत एका डॉलरचा फरक असला तरी विचारणा येते.

अर्ज दिल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत लोन एस्टिमेट (दर आणि खर्चाचं अंदाजपत्रक) मिळायला हवा. एसएसएन नाही म्हणून तो अडवून ठेवता येत नाही, क्रेडिट अहवालासाठी लेंडर जो क्रमांक वापरतो तो चालतो. किमान तीन लेंडरांचे एस्टिमेट एकाच आठवड्यात घ्या आणि दुसऱ्या पानावरचा ‘ए’ (A) विभाग ताडून पाहा. पॉइंट आणि लेंडरची फी तिथे असते. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का.

खरेदीच्या करारात मुदतीकडे लक्ष द्या. साधारण करार तीस दिवसांत क्लोजिंग धरतो, आयटीआयएनची फाइल हातानं तपासली जाते आणि ४५ ते ६० दिवस घेते. एजंटला करारात तेवढेच दिवस आणि तेवढीच लांब फायनान्सिंग कंटिन्जन्सी (कर्ज न मिळाल्यास करार सोडण्याची मुभा) घालायला सांगा. ती मुदत संपल्यावर कर्ज नाकारलं गेलं तर इसाऱ्याची रक्कम, जी किमतीच्या एक ते तीन टक्के असते, जाऊ शकते. दर लॉक (ठरावीक दिवसांसाठी पक्का) करतानाही हाच हिशेब.

मधल्या काळात गाडी घेऊ नका, नवं कार्ड काढू नका, नोकरी बदलू नका. क्लोजिंगच्या तीन कामकाजाचे दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम खर्चपत्रक) हाती येतं, ते एस्टिमेटशी ओळीनं ओळ ताडून पाहा. वायर करायचा खातेक्रमांक ईमेलवर बदलून आला तर टायटल कंपनीला (मालकी तपासून व्यवहार पार पाडणाऱ्या) आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर विचारा. ईमेल बनावट असण्याचा संभव दाट असतो.

डीडवर नाव असलेला जोडीदार त्या वेळी भारतात असेल तर नुसत्या ‘पॉवर’वर (सर्वसाधारण मुखत्यारपत्रावर) भागत नाही. त्या घराचा पत्ता लिहिलेलं खास मुखत्यारपत्र, लेंडरनं आणि टायटल कंपनीनं आधी वाचून मान्य केलेलं हवं. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन ते नोटराइज होतं, एका शिक्क्याचे ५० डॉलर. दुसरा मार्ग म्हणजे भारतातली नोटरी आणि त्यावर अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन).

कर्ज नाकारलं तर पूर्ण अर्जानंतर तीस दिवसांत लेखी निर्णय कळवणं लेंडरवर बंधनकारक आहे, आणि कारणं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. इमिग्रेशन स्टेटस विचारात घेण्याची लेंडरला मुभा आहे, तुमच्या मूळ देशावरून नाकारण्याची नाही.

या आडवाटांना जाऊ नका

‘सीपीएन’ नावाचा नऊ अंकी नंबर विकणारे भेटतील. एसएसएनऐवजी हा लिहा, म्हणतील. असा कोणताही कायदेशीर नंबर अस्तित्वात नाही. तो बहुधा एखाद्या लहान मुलाचा किंवा मृताचा चोरलेला एसएसएन असतो. गृहकर्जाच्या अर्जात खोटी माहिती देणं हा केंद्रीय गुन्हा आहे, कमाल शिक्षा तीस वर्षं, आणि ग्रीन कार्डाची वाट तिथेच बंद होऊ शकते. मित्राच्या किंवा चुलतभावाच्या नावावर कर्ज काढून हप्ते आपण भरणं हेही त्याच जातीचं, शिवाय घर कायद्यानं त्याचं. ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड’ बेकायदा नाही, पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते आणि एक-दोन हप्ते चुकले तर भरलेलं सगळं जाऊ शकतं.

घर झाल्यावर

जानेवारीअखेर लेंडरकडून १०९८ हा भरलेल्या व्याजाचा फॉर्म येतो. त्यावरचा आयटीआयएन बरोबर आहे ना ते पाहा. १०४० भरणाऱ्याला इटेमाइज केल्यास (वजावटी एकेक मांडल्यास) व्याजाची वजावट मिळू शकते, १०४०-एनआर हे नॉन-रेसिडेंटचं विवरणपत्र भरणाऱ्याला राहत्या घरावर ती मिळत नाही. पुढे एसएसएन मिळाला की आयटीआयएन वापरणं थांबवा, आयआरएसला पत्रानं दोन्ही नंबर कळवा, आणि लेंडर, कार्ड कंपन्या व तिन्ही ब्युरोंनाही. नाहीतर एवढ्या कष्टानं जमवलेली क्रेडिटची फाइल जुन्या नंबराला चिकटून राहते आणि नव्या नंबरावर तुम्ही पुन्हा नवखे.

टेक्सासात असाल तर ड्रायव्हर लायसन्सवरचा पत्ता बदलून होमस्टेड (राहत्या घराच्या) सवलतीचा ५०-११४ फॉर्म काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे द्या. शाळा-कराच्या आकारणीतून १,४०,००० डॉलर वजा होतात. क्लोजिंगनंतर हेच काम शंभर डॉलरात करून देतो म्हणणारी सरकारी थाटाची पत्रं येतील. ती फेकून द्या, अर्ज फुकट आहे.